राखेच्या विटेची भिंत : निवडीपासून गिलाव्यापर्यंत कामाचा क्रम

औष्णिक वीज केंद्रातील कोळशाच्या राखेपासून बनवलेल्या, म्हणजे राखेच्या विटेने घर बांधणाऱ्यांची एक तक्रार मराठवाड्यात ठरलेली आहे : वर्ष उलटत नाही तोच गिलाव्यावर तडे दिसू लागतात. गवंडी म्हणतो वीटच खराब, वीटवाला म्हणतो गवंड्याला काम येत नाही, आणि मालक वरच्या मजल्यासाठी पुन्हा भट्टीच्या लाल विटेकडे वळतो. बहुतेक ठिकाणी वीटही बरी असते आणि गवंडीही. चुकलेला असतो तो कामाचा क्रम. भट्टीची वीट भाजून निघाली की तिच्यात व्हायचा तो बदल होऊन गेलेला असतो. राखेची वीट मात्र साच्यातून बाहेर पडल्यावर कित्येक आठवडे घट्ट होत राहते आणि वाळताना आकसते. हे आकसणे वीटवाल्याच्या आवारात उरकले तर भिंत नीट राहते; भिंतीत झाले तर तडा ठरलेला.

पुढील टप्पे तळमजला किंवा त्यावर एक मजला बांधणाऱ्या मालकांसाठी, छोट्या गुत्तेदारांसाठी आणि कामावर देखरेख करणाऱ्यांसाठी आहेत. क्रम बदलू नये. ज्या टप्प्यांची घाई करता येत नाही तेथे तसे सांगितले आहे.

पूर्वतयारी : तारखा उलट्या मोजाव्यात

नेहमी घडते ते असे : जोते पूर्ण होते, गवंडी मोकळा बसतो आणि मग विटांसाठी फोन केला जातो. त्या दिवशी आवारात जो माल असेल तो गाडीत चढतो, आणि बांधकामाच्या ऐन हंगामात तो आठ-दहा दिवसांचाही असू शकतो. घरकुलाच्या कामात पुढचा हप्ता भिंती उभ्या दिसल्याशिवाय मिळत नाही, त्यामुळे तेथे ही घाई अधिकच होते.

उपाय साधा आहे. पहिला थर ज्या दिवशी लावायचा त्या दिवसापासून चाळीस दिवस मागे मोजावेत आणि त्या सुमारास, म्हणजे पाया खोदण्याच्या आठवड्यातच, इसार देऊन विटा पाडून घ्याव्यात. पाया, जोते आणि भराव यांत महिना सहज जातो, आणि तेवढ्या काळात आपल्या विटा दुसऱ्याच्या आवारात, दुसऱ्याच्या पाण्यावर मुरतात. पाणी विकत घेणाऱ्या गावात हा फायदा लहान नाही.

किती विटा लागतील याचा हिशेब गवंड्याच्या अंदाजावर सोडू नये. २३० × ११० × ७० मिलिमीटर मापाची वीट १० मिलिमीटर सांध्यासह भिंतीच्या दर्शनी भागावर २४ × ८ सेंटिमीटर जागा घेते. म्हणजे साडेचार इंची भिंतीला चौरस मीटरमागे सुमारे ५२ आणि नऊ इंची भिंतीला सुमारे १०४ विटा लागतात. दारे-खिडक्यांचे क्षेत्रफळ वजा करून येणाऱ्या संख्येत तूटफुटीसाठी शेकडा पाच विटा मिळवाव्यात. वीटवाल्यागणिक मापे बदलतात, त्यामुळे हिशेबाआधी त्याची वीट स्वतः मोजून पाहावी. सगळा माल एकाच वेळी पाडून घ्यावा; काम अर्ध्यावर आल्यावर मागवलेला दुसरा माल कोवळा निघतो आणि जुन्या-नव्या विटांच्या सीमेवरच पुढे तडा उमटतो.

टप्पा १ : भिंतीआधी जमीन पाहावी

राखेच्या विटेवर येणाऱ्या आळांपैकी बराच मोठा वाटा काळ्या मातीचा असतो. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. ज्या प्लॉटवर एप्रिलमध्ये हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्यावर दोन-अडीच फूट खोदून पाया भरला तर भिंत लाल विटेची असो, राखेची असो किंवा दगडाची, ती फाटणारच.

पाया काळ्या मातीचा थर ओलांडून कठीण मुरमापर्यंत न्यावा. थर फारच खोल असेल तर तळाशी फुगीर असलेले पाइल आणि त्यांवर जोत्याची तुळई हा मार्ग असतो. त्याचे आरेखन स्थापत्य अभियंत्याकडून करून घ्यावे, गुत्तेदाराच्या ठोकळ अंदाजाने नव्हे. चरातून निघालेली काळी माती जोत्यात भरावासाठी वापरू नये. पैसे वाचवण्यासाठी हे सर्रास होते आणि पुढे फरशी वर उचलली जाते. भराव मुरमाचाच असावा आणि तो थराथराने पाणी मारून दाबावा.

घराभोवती किमान एक मीटर रुंदीची, बाहेरच्या बाजूला उतार असलेली फरसबंदी करावी. न्हाणीचे पाणी भिंतीलगत मुरू देऊ नये.

तपासणी : चराच्या तळाशी पहार मारावी. ती सहज रुतत असेल तर खोदाई संपलेली नाही.

टप्पा २ : वीटवाल्याच्या आवारात काय पाहावे

विटेत वापरण्याजोगी राख दोन वाटांनी येते. वीज केंद्राच्या धुरातून विद्युत यंत्रणेने पकडलेली बारीक, कोरडी राख बंद टँकरमधून येते. दुसरी, पाण्यासोबत तळ्यात सोडलेली आणि नंतर उकरून काढलेली ओली राख उघड्या हायवा ट्रकमधून येते. तिच्यात तळाची जाड राख मिसळलेली असते आणि तिच्यातील ओलावा रोज बदलतो. ताकद देणारी रासायनिक क्रिया मुख्यतः बारीक राखेची असते. केवळ ओल्या राखेवर चालणारा कारखाना तीच पाककृती रोज पाळू शकत नाही, म्हणून आवारात गेल्यावर टँकर रिकामा करण्याची बंद टाकी आहे का, हे आधी पाहावे.

राखेची वीट न भाजता बनते. आपल्याकडच्या दगडी कोळशाच्या राखेत चुन्याचे प्रमाण कमी असते, त्यामुळे तिला सिमेंटमधून किंवा वेगळा चुना देऊन तो पुरवावा लागतो. ही क्रिया मंद असते आणि ओलावा असेपर्यंतच चालते. सर्वसाधारण पाककृतीत ५० ते ६० टक्के राख, ८ ते १० टक्के सिमेंट आणि उरलेला भाग दगडाची कच किंवा वाळू असतो. वीटवाल्याला पुढील गोष्टी सरळ विचाराव्यात : सिमेंट कोणते वापरता, मिश्रण वजनाने घेता की घमेल्याने, आणि पाणी किती दिवस मारता. राखमिश्रित सिमेंट वापरणाऱ्याच्या विटेला पक्के व्हायला अधिक दिवस लागतात. ते सिमेंट वाईट नव्हे, मात्र मग वीट पाडल्यापासून अठ्ठावीस दिवस ती भिंतीत न लावण्याची अट (टप्पा ४) आणखी काटेकोर पाळावी लागते.

सर्वांत महत्त्वाची खूण म्हणजे थप्प्यांवरील तारीख. चांगल्या आवारात प्रत्येक थप्पीवर वीट पाडल्याची तारीख खडूने किंवा रंगाने लिहिलेली असते. जेथे तारीख नाही, तेथे वीट किती दिवसांची हे वीटवाल्यालाही सांगता येत नाही. थप्पी निदान चौदा दिवस ओली राहायला हवी. मे महिन्यात ४२ अंशांच्या उन्हात सकाळ-संध्याकाळ पाइप फिरवून थप्पी ओली राहत नाही. दुपारी हात लावून पाहिले की वरच्या दोन थरांतील विटा तापलेल्या आणि कोरड्या ठणठणीत लागतात. बारदान किंवा ताडपत्रीखाली थप्प्या झाकणारा वीटवाला निवडावा, मग विटेमागे थोडे जास्त मोजावे लागले तरी चालेल.

राहिला अंतराचा प्रश्न. बीड, परभणी आणि लातूरला परळी वैजनाथचे औष्णिक केंद्र जवळ आहे, धाराशिवला सोलापूरचे, तर जालना आणि छत्रपती संभाजीनगरच्या उत्तर भागाला भुसावळजवळचे दीपनगर. राख लांबून आली तरी बंद टँकरमध्ये ती भरपूर मावते. तयार वीट मात्र जवळच्या कारखान्यातूनच घ्यावी. शेतातला पोयटा वाचवायचा, भट्टीचा धूर टाळायचा आणि मग विटा दीडशे किलोमीटरवरून ट्रकने आणायच्या, यात पर्यावरणाच्या नावावर डिझेलच जळते. सिमेंटचेही तसेच आहे : ते तयार करताना मोठ्या प्रमाणावर कार्बन बाहेर पडतो, त्यामुळे "जास्त सिमेंटची वीट द्या" असा आग्रह धरण्यापेक्षा नीट मुरलेली वीट मागावी.

सावधगिरी : काही ठिकाणी विटेत लाल रंग मिसळून तिला भट्टीच्या विटेचे रूप दिले जाते. रंगाचा ताकदीशी काही संबंध नाही. उलट करड्या विटेतील न मिसळलेली राख आणि कच डोळ्यांना चटकन दिसते, ती रंगात लपते.

टप्पा ३ : चाचणी

वीट पक्की आहे की नाही, हे गवंडी दोन विटा एकमेकींवर वाजवून ठरवतात. राखेच्या विटेचा नाद भट्टीच्या विटेइतका खणखणीत नसतो, त्यामुळे चांगला माल परत पाठवला जातो, किंवा "राखेची अशीच वाजते" म्हणून वाईट माल ठेवून घेतला जातो. नादाऐवजी पुढील गोष्टी पाहाव्यात.

वेगवेगळ्या थप्प्यांच्या मधून विटा काढाव्यात. वीटवाल्याने स्वतः पुढे केलेल्या नकोत. एक वीट मधोमध फोडावी. तुटलेल्या तोंडावर रंग आणि पोत कडेपासून मध्यापर्यंत सारखा असावा. बाहेरचे बोटभर आवरण घट्ट आणि आतला भाग फिकट, बोटाने भुरभुर सुटणारा असेल, तर पाणी आत पोचण्याआधीच वीट वाळलेली आहे. राखेचे पांढुरके गोळे दिसत असतील तर मिश्रण यंत्रात पुरेसे फिरलेले नाही. मग दुसऱ्या विटेच्या बाजूवर खिळ्याने जोर देऊन रेघ ओढावी. बारीक ओरखडा चालतो, खाच पडून भुकटी झडली तर नाही.

पाणी शोषण्याची चाचणी किराणा दुकानातील काट्यावरही होते. पूर्ण वाळलेली वीट तोलावी, चोवीस तास पाण्यात बुडवून ठेवावी, बाहेर काढून ओल्या फडक्याने पुसून पुन्हा तोलावी. कोरडी वीट ३ किलो भरली असेल तर ओली ३ किलो ६०० ग्रॅमच्या वर जाऊ नये, कारण नेहमीच्या वर्गाच्या विटांसाठी २० टक्के ही शोषणाची कमाल मर्यादा आहे.

दाब सहन करण्याची ताकद मात्र प्रयोगशाळेतच कळते. अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या स्थापत्य विभागात आणि खासगी प्रयोगशाळांत ही चाचणी शुल्क भरून करून मिळते. राख-सिमेंट विटांसाठी आय. एस. (भारतीय मानक) १६७२० आणि राख-चुना विटांसाठी आय. एस. १२८९४ हे मानक आहे. भार घेणाऱ्या भिंतींसाठी किमान ७.५ वर्गाची वीट मागावी. म्हणजे तपासलेल्या विटांची सरासरी ताकद चौरस मिलिमीटरला ७.५ न्यूटनपेक्षा कमी नसावी आणि कोणत्याही एका विटेची ताकद या किमान सरासरीपेक्षा २० टक्क्यांहून अधिक कमी नसावी. दाब, शोषण आणि क्षार या तीन चाचण्यांसाठी प्रत्येकी पाच विटा लागतात, म्हणून काही जादा धरून वीस विटा बांधून द्याव्यात.

आकसण्याची चाचणीही त्याच अहवालात मागावी, जरी ती सहसा कोणी मागत नाही. आय. एस. १२८९४ मध्ये तिची मर्यादा ०.१५ टक्के आहे. आकडा किरकोळ वाटतो. पण पूर्ण भिजलेली वीट पूर्ण वाळेपर्यंत या मर्यादेइतकी आकसली, तर चार मीटर लांबीच्या भिंतीत तो फरक सहा मिलिमीटरचा होतो. प्रत्यक्ष भिंतीत तो एवढा होत नाही, कारण विटा तितक्या भिजलेल्या नसतात. त्या भिजलेल्या नसाव्यात, हेच पुढच्या एका टप्प्याचे सार आहे.

टप्पा ४ : माल उतरवणे आणि रचणे

डंपर उलटा करून विटा ओतू देऊ नयेत. भट्टीच्या विटेचा तुकडा पडला तर तो अर्धुक म्हणून वापरला जातो. राखेच्या विटेच्या मात्र कडा झडतात आणि मग सांधे जाड होतात. मजूर लावून हाताने उतरवाव्यात.

जमिनीवर फळ्या किंवा मुरमाचा थर देऊन त्यावर विटा रचाव्यात, थप्पी दीड मीटरहून उंच करू नये आणि वर ताडपत्री बांधावी. काळ्या मातीवर थेट रचलेली थप्पी पहिल्या पावसात खालून ओल आणि क्षार ओढून घेते. पावसात पूर्ण भिजलेल्या विटा भिंतीत लावू नयेत. ऊन पडल्यावर त्या मोकळ्या रचून वाळू द्याव्यात. याच टप्प्यावर चलनावर विटांची पाडल्याची तारीख लिहून वीटवाल्याची सही घ्यावी.

तपासणी : आज लावायच्या विटांना पाडल्यापासून अठ्ठावीस दिवस झाले आहेत का? झाले नसतील तर भिंतीचे काम थांबवून दुसरे काम घ्यावे.

टप्पा ५ : वीट किती ओली करावी

सर्वाधिक चुका या ठिकाणी होतात, आणि त्या अनुभवी गवंड्यांकडूनच होतात. लाल वीट हौदात बुडवून, बुडबुडे थांबेपर्यंत भिजवायची, हे त्यांना उमेदवारीपासून शिकवलेले असते आणि लाल विटेसाठी ते बरोबरच आहे. राखेची वीट तशी भिजवली की ती पाण्याने किंचित फुगते, तशीच भिंतीत जाते आणि पुढे दोन-तीन महिने भिंतीतच आकसत राहते.

राखेच्या विटेवर लावण्याआधी केवळ पाणी शिंपडावे. विटेचा पृष्ठभाग गडद दिसावा, पण त्यावर पाण्याची चमक नसावी. उन्हाळ्यात तापलेल्या विटांवर आदल्या संध्याकाळी हलके पाणी मारून त्या झाकून ठेवाव्यात आणि लावण्यापूर्वी पुन्हा एक फवारा द्यावा. अगदी कोरडी, तापलेली वीटही नको, कारण ती मालातील, म्हणजे सांध्यात भरायच्या सिमेंट-वाळूच्या मिश्रणातील, पाणी ओढून घेते आणि सांधा भुसभुशीत राहतो.

तपासणी : मालावर ठेवलेली वीट साधारण मिनिटभर तरी हाताने सरकवून ओळीत आणता आली पाहिजे. ठेवताक्षणी चिकटून बसली तर ती फार कोरडी आहे. दाबल्यावर तरंगल्यासारखी घसरली आणि सांध्यातून पाणी गळू लागले, तर फार ओली.

टप्पा ६ : माल आणि थर

नऊ इंची भिंतीसाठी एकास सहा आणि साडेचार इंची भिंतीसाठी एकास चार हे सिमेंट-वाळूचे प्रमाण पुरते. "आमचे काम मजबूत हवे" म्हणून नऊ इंचीलाही एकास तीनचा माल लावणारे मालक स्वतःच्या पैशाने तडे विकत घेतात. माल विटेहून कडक झाला की आकसण्याचा ताण सांध्यात विरत नाही आणि तडा थेट वीट फोडून जातो. किंचित मऊ सांधा तोच ताण बारीक बारीक वाटून घेतो.

प्रमाण घमेल्याने मोजू नये. वाळूचे शीग लावलेले घमेले आणि सिमेंटचे सपाट घमेले यांत मोठा फरक असतो. ४० × ३५ × २५ सेंटिमीटरचा लाकडी किंवा पत्र्याचा फरमा करून घ्यावा. तो ३५ लिटरचा होतो, आणि सिमेंटची ५० किलोची गोणी जवळपास तेवढीच भरते. एका गोणीला सहा सपाट फरमे वाळू, इतका हिशेब कोणत्याही बिगाऱ्याला समजतो. एका वेळी अर्ध्या गोणीचाच माल कालवावा आणि पाणी टाकल्यापासून अर्ध्या-पाऊण तासात तो संपवावा. दुपारच्या जेवणानंतर उरलेल्या मालावर पाणी मारून तो पुन्हा कालवणे कटाक्षाने थांबवावे.

गोदावरीची वाळू महाग आणि दुर्मीळ झाल्यापासून क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळूच, सगळीकडे वापरली जाते. तिच्यातील पिठासारखी भुकटी तपासावी. काचेच्या बरणीत तिसरा भाग वाळू आणि वर पाणी भरून हलवावे, तीन तास स्थिर ठेवावे. वाळूवर बसलेला मऊ थर नजरेत भरण्याइतका जाड असेल तर ती धुऊनच घ्यावी. बोअरचे पाणी खारट असेल तर तेही तपासून घ्यावे. सळई असलेल्या काँक्रीटसाठी लिटरमागे ५०० मिलिग्रॅमहून अधिक क्लोराइड चालत नाही, आणि खाऱ्या पाण्याने भिंतीला लोणा लागतो तो वेगळाच. त्या पांढऱ्या क्षाराचे खापरही मग राखेवर फुटते.

सांधा १० मिलिमीटरचा ठेवावा, सांधेमोड (उभा सांधा खालच्या उभ्या सांध्यावर न येऊ देणे) प्रत्येक थरात पाळावी, ओळंबा दर तीन-चार थरांनी लावावा. एका दिवसात भिंत दीड मीटरहून उंच नेऊ नये. विटेचा तुकडा हवा असेल तर तो कटर मशीनने कापावा, थापीच्या घावाने नको. साडेचार इंची भिंतीत दर चौथ्या थरावर ६ मिलिमीटरच्या दोन सळया टाकाव्यात. सहा मीटरहून लांब असलेल्या, विशेषतः कुंपणाच्या, सलग भिंतीत मुद्दाम उभा सांधा सोडून तो लवचिक मसाल्याने भरावा.

भार घेणाऱ्या भिंतींत जोते, लिंटेल (दारे-खिडक्यांवरची आडवी तुळई) आणि छत या पातळ्यांवर काँक्रीटचा सलग पट्टा हवाच. तो किमान ७५ मिलिमीटर जाड असावा आणि त्यातील सळया कोपऱ्यांत न तोडता वळवून न्याव्यात. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर लातूर-धाराशिव भागात हे वेगळे पटवून देण्याची गरज नाही, तरीही खर्च कमी करताना पहिला हात याच पट्ट्यांवर पडतो.

टप्पा ७ : तुळईखालची फट, उघडी तोंडे आणि पाइपच्या खाचा

कॉलम-बीमच्या सांगाड्यात भिंत भरताना शेवटचा थर त्याच दिवशी तुळईला भिडवू नये. खालची भिंत आपल्या वजनाने आणि वाळण्याने किंचित खाली बसते. भिडवलेल्या थराखाली आडवी भेग पडते. ती फट किमान सात दिवस तशीच सोडावी आणि मग किंचित कोरडा, एकास तीनचा माल दोन्ही बाजूंनी ठासून भरावा.

लिंटेल खिडकीच्या दोन्ही बाजूंना किमान १५० मिलिमीटर भिंतीत शिरलेले असावे. खिडकीच्या कोपऱ्यांतून निघणारे तिरपे तडे बहुधा येथेच जन्म घेतात.

इलेक्ट्रिशियनला छिन्नी-हातोडा घेऊन भिंतीवर सोडू नये. खाचा मशीनने पाडाव्यात, त्याही भिंत बांधून किमान पंधरवडा झाल्यावर. उभी खाच भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशाहून आणि आडवी एक षष्ठांशाहून खोल नसावी. साडेचार इंची भिंतीत आडवी खाच नकोच.

टप्पा ८ : पाणी मारणे आणि थांबणे

भिंतीवर किमान सात दिवस, राखमिश्रित सिमेंट वापरले असल्यास दहा दिवस पाणी मारावे. वीट भिजवू नये, असे वर सांगितले आणि येथे पाणी मारा म्हणतो, यात विसंगती नाही : येथे पाणी सांध्यांतील मालासाठी आहे. म्हणून धो-धो पाइप सोडण्याऐवजी दिवसातून तीन-चार वेळा फवारा द्यावा आणि भिंतीवर ओले बारदान टांगावे. टँकरवर अवलंबून असलेल्या गावात बारदानामुळे पाणी पुष्कळ वाचते. पश्चिमेची भिंत लवकर सुकते, तिच्याकडे दुपारी तीननंतर एकदा वेगळे पाहावे.

त्यानंतर भिंत वाळू द्यावी. वास्तुशांतीची तारीख ठरलेली असली की याच दिवसांवर कात्री चालते. बांधकाम पूर्ण झाल्यापासून अठ्ठावीस दिवस मिळाले तर उत्तम. चौदा दिवसांच्या आत गिलाव्याला हात लावू नये. या काळात फरशी, प्लंबिंग, दारांच्या चौकटी ही कामे उरकता येतात.

टप्पा ९ : गिलावा

राखेची वीट यंत्राने दाबलेली असल्याने तिची बाजू गुळगुळीत असते आणि गिलावा तिला सहज धरत नाही. भिंत बांधतानाच सांधे १० ते १२ मिलिमीटर खोल कोरून ठेवावेत. गिलाव्याआधी भिंत ब्रशने झाडून घ्यावी, कारण सुटी राख हाच सर्वांत मोठा अडसर असतो, आणि मग पातळ सिमेंट-वाळूचा खरखरीत फवारा मारून तो एक दिवस घट्ट होऊ द्यावा. झाडताना आणि कापताना मजुरांच्या नाका-तोंडावर मास्क असावा. ही धूळ फुफ्फुसांना अपायकारक आहे.

काँक्रीट आणि वीट जेथे भेटतात, तेथे दोन्ही बाजूंना किमान १५० मिलिमीटर पसरेल अशी कोंबडीजाळी खिळ्यांनी ताणून बसवावी. पाइपच्या खाचांवरही तीच. जाळी ढिली राहिली तर ती नसल्यासारखीच.

आतला गिलावा १२ मिलिमीटरचा एका थरात, बाहेरचा २० मिलिमीटरचा दोन थरांत करावा, आणि बाहेरचा दुसरा थर पहिल्याहून कडक नसावा. गुळगुळीत तोंड यावे म्हणून ओल्या गिलाव्यावर कोरडे सिमेंट भुरभुरून घासण्याची सवय मोडावी. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे त्यातूनच येतात. आत नीरूचे, म्हणजे मऊ चुन्याच्या लेपाचे, फिनिश पुरेसे असते. गिलाव्यालाही सात दिवस पाणी हवे, आणि उन्हाळ्यात बाहेरच्या भिंतीचे काम सकाळी किंवा ऊन कलल्यावर घ्यावे.

टप्पा १० : तडा पडलाच तर तो वाचावा

तडा दिसताच पुट्टी भरणाऱ्याला बोलावू नये. आधी त्याची दोन्ही टोके पेन्सिलीने खुणावून शेजारी तारीख लिहावी आणि त्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसची पातळ पट्टी लावावी. पट्टी फाटली तर तडा अजून वाढतो आहे.

पायऱ्या-पायऱ्यांनी तिरपा जाणारा, एका टोकाला रुंद आणि पावसाळ्यात मिटून उन्हाळ्यात उघडणारा तडा पायाचा असतो. त्यावर भिंतीत काही करून उपयोग नाही, फरसबंदी आणि पाण्याचा निचरा सुधारून अभियंत्याला दाखवावा. भिंतीच्या मध्यावर उभा, वरपासून खालपर्यंत सारख्याच जाडीचा तडा आकसण्याचा असतो आणि तो बहुधा पहिल्या कोरड्या उन्हाळ्यानंतर थांबतो. तुळईखाली आडवा तडा फट घाईने भरल्याची खूण होय. जाळीसारखे बारीक तडे गिलाव्याचे. ठोकल्यावर तेथे पोकळ आवाज येत नसेल तर ते दिसायला वाईट एवढेच.

आकसण्याचे तडे एक पूर्ण उन्हाळा जाऊ देऊन मगच, व्ही आकारात कोरून, लवचिक भराव-मसाल्याने भरावेत आणि त्यावर जाळीची पट्टी लावून रंग द्यावा. त्याआधी भरलेला तडा त्याच रेषेवर पुन्हा उघडतो. वरचा मजला चढवायचा असेल तर खालच्या भिंतींतील तड्यांची नोंद, विटांची चलने आणि प्रयोगशाळेचा अहवाल एकाच फायलीत ठेवावा, म्हणजे पुढच्या मागणीच्या वेळी तोच वीटवाला ठेवायचा की बदलायचा, हे कागद पाहून ठरवता येईल.